टपावरच्या पिवळ्या दिव्याची वायर

पोलादपूरकडच्या एका मित्राची रिकव्हरी व्हॅन आहे. बंद पडलेल्या, कठड्याला धडकलेल्या गाड्या विंचने, म्हणजे व्हॅनवरच्या दोर ओढणाऱ्या मोटरने, ओढून आणायच्या, हा त्याचा धंदा. गेल्या पावसाळ्याआधी त्याने टपावरचे फिरते दिवे काढले आणि चकचकीत एलईडी लाइटबार बसवला. आठवड्याभरात त्याचा फोन आला, "अरे, विंच चालू केली की दिवे मध्येच मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून चमकायला लागतात. बार खराब निघाला बहुतेक."

बार खराब नव्हता. त्याच्या मागची वायर जुनीच होती.

दिवा बदलणं म्हणजे वस्तू बदलणं, असं आपण धरून चालतो. जुनं उचला, नवं ठेवा, त्याच दोन वायरी जोडा. घरातला बल्ब बदलताना हे चालतं. गाडीवर चालत नाही, कारण तिथे वीज १२ व्होल्टची असते. घरच्या २३० व्होल्टमधून दीड व्होल्ट वाटेत गळाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १२ व्होल्टमधून दीड गेला तर आठवा भाग गेला.

जुना फिरता दिवा आतून अगदी साधा. मधोमध ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब, त्याच्याभोवती गोल फिरणारा वाटीसारखा आरसा, तो फिरवायला एक छोटी मोटर आणि वर पिवळं झाकण. बल्ब सतत जळतो, आरसा फिरतो, म्हणून दुरून पाहणाऱ्याला उघडझाप दिसते. यातला बराचसा प्रकाश वाया जातो. हॅलोजनच्या प्रकाशात सगळे रंग असतात. पिवळं झाकण त्यातला पिवळा-नारिंगी तेवढा बाहेर सोडतं, बाकीचा झाकणातच उष्णता होऊन संपतो.

अंबर एलईडी मुळातच पिवळा-नारिंगी प्रकाश देतो. गाळायला काही नसतं. शिवाय तो क्षणात पेटतो, क्षणात विझतो, त्यामुळे फिरता आरसा आणि मोटर दोन्ही गेले. कमी विजेत जास्त दिसतं ते या दोन कारणांनी. म्हणूनच जुन्या झाकणाखाली हॅलोजन काढून पांढरा एलईडी बल्ब खोचायचा जुगाड फसतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो आणि पिवळं झाकण नेमका तोच अडवतं. आरसाही बल्बच्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागेवर बसत नाहीत, मग झोत फाकतो. बदलायचं असेल तर अख्खं युनिट बदला.

आता मित्राचा बार का मरत होता ते पाहू. दोन हॅलोजनचे ११० वॅट म्हणजे साधारण ९ अँपिअर. नवा बार सगळे दिवे एकदम पेटले की १०० वॅट, म्हणजे ८ अँपिअर. वरवर पाहता जुन्या वायरीला उलट आराम. पण ही दोन माणसं वेगळ्या स्वभावाची आहेत.

हॅलोजन गरीब. व्होल्ट कमी मिळाले तर तो मंद होतो आणि वीजही कमी खेचतो. व्होल्ट १० टक्के घटले की त्याचा प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो, पण तो जळत राहतो. मित्राचे जुने दिवे कित्येक वर्षं असे अर्धपोटी जळत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

एलईडी बारच्या आत ड्रायव्हर नावाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. दिव्यांना ठरलेली शक्ती पोचवायची, एवढंच त्याला कळतं. १०० वॅट म्हणजे १०० वॅट. व्होल्ट कमी झाले तर ते जास्त अँपिअर खेचून हिशेब पुरा करतं. साडेबाराला ८ अँपिअर, तर दहाला १०. जास्त अँपिअर वायरीतून गेले की वायरीत आणखी व्होल्ट गळतात, मग बार आणखी खेचतो. शेवटी व्होल्ट त्याच्या किमान मर्यादेखाली जातात, बहुतेक बारांवर १० ते ३० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि ड्रायव्हर स्वतःला बंद करून घेतो. बंद झाला की वीज वाहायची थांबते. वीज थांबली की गळतीही थांबते, बारपाशी व्होल्ट पुन्हा चढतात, आणि बार नव्याने जन्म घेऊन पॅटर्न पहिल्यापासून सुरू करतो. हाच तो लपंडाव.

आकडे मांडले की चित्र स्वच्छ होतं. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम अडथळा करते. बॅटरीपासून डॅशबोर्डावरून टपापर्यंत ५ मीटर धरले तर ०.०९ ओहम. १० अँपिअर गेले की ०.९ व्होल्ट तिथेच गेले. मित्राच्या गाडीत स्विचचे झिजलेले पॉइंट आणि टपावरचा गंजलेला अर्थिंगचा, म्हणजे परतीच्या वायरीचा, बोल्ट मिळून आणखी ०.८ खात होते. विंच ओढायला लागली की बॅटरीचेच व्होल्ट ११.२ वर यायचे. त्यातून १.७ वजा केले की उरतात साडेनऊ. बार दहाच्या खाली जगत नाही.

तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर ०.९ ऐवजी ०.३६ व्होल्ट गेले असते. दुकानातल्या भावात फरक किरकोळ आहे. हजारोंचा बार घेणारा माणूस वायरीच्या मीटरमागे दहा-वीस रुपये का वाचवतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

वीज कुठून घ्यायची

गॅरेजमधली सर्वात लाडकी सवय म्हणजे जवळच्या वायरीचं कातडं सोलून त्यात नवी गुंडाळणं. पार्किंग लाइटची वायर हाताशी आली, तिला टोचलं, काम झालं. त्या वायरीचा फ्यूज पार्किंग लाइटच्या मापाचा, वायरही त्याच मापाची. बार जोडला की एक तर फ्यूज उडतो, नाहीतर कुणीतरी "सारखा उडतोय" म्हणून मोठा फ्यूज घालतो. हे दुसरं जास्त वाईट.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो. तो वायरीला वाचवतो. वायर कुठेतरी पत्र्याला घासली, आवरण फाटलं, तांबं बॉडीला चिकटलं, की बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते. ती लाल होण्याआधी तुटणारा कमजोर दुवा आपण मुद्दाम ठेवतो, तो फ्यूज. म्हणून त्याचं माप वायरीवरून ठरतं आणि त्याची जागा बॅटरीजवळ. बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत. फ्यूज डॅशबोर्डाखाली ठेवलात तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघड्यावरच राहिली, तिचा राखणदार कुणी नाही.

आपल्या बारसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. पातीवाल्या फ्यूजमध्ये १५ म्हणजे निळा, १० लाल, २० पिवळा, ३० हिरवा. निळा उडाला म्हणून हिरवा घालायचा नाही. तो का उडाला ते शोधायचं.

इथे एक शंका हमखास येते. बार चमकतो, सतत जळत नाही, मग सरासरी वीज कमीच की. खरं आहे. ८ अँपिअरचा बार चमकण्याच्या हिशेबात सरासरी ३ अँपिअरच्या आसपास खातो. पण वायर आणि फ्यूज निवडायचे ते सगळे दिवे एकदम पेटतात त्या क्षणाचे अँपिअर धरून, कारण गळती त्या क्षणी होते. सरासरी उपयोगी पडते ती बॅटरी किती टिकेल याच्या हिशेबाला. ८० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर जुने हॅलोजन इंजिन बंद असताना साडेचार तासांत तिला तिथे आणत. नवा बार तेरा तास काढतो. अपघाताच्या जागी तासन्‌तास उभं राहणाऱ्या गाडीसाठी खरा फायदा हाच. रात्रभर दिवे चमकले आणि पहाटे गाडी स्टार्टच झाली नाही, तर दुसऱ्याला ओढायला आलेल्याला ओढायला तिसरा बोलवावा लागतो.

रिले म्हणजे काय

डॅशबोर्डावरच्या छोट्या टॉगल स्विचमधून ८-१० अँपिअर नेणं म्हणजे त्याच्याकडून ओझी वाहून घेणं. त्याचे पॉइंट हळूहळू काळे पडतात. म्हणून मध्ये रिले घालायचा. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. आत तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून थोडी वीज सोडली की ते लोहचुंबक होतं, पाती खाली ओढतं आणि जाड वाट जोडली जाते. हुकूम बारीक वायरीने द्यायचा, ओझं जाड वायरीने वाहायचं. वेटोळ्याला ०.१५ अँपिअरच्या आसपास पुरतात, त्यामुळे डॅशबोर्डापर्यंत अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर नेली तरी बिघडत नाही.

रिलेच्या तळाला आकडे छापलेले असतात आणि जगभर त्यांचा अर्थ एकच असतो. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून बारकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोकं, एकाला अर्थ, दुसऱ्याला स्विचकडून आलेला प्लस. पाच पिनी रिलेत मधली ८७ए ही पिन रिले बंद असताना जोडलेली असते. आपल्या कामात ती मोकळी सोडायची. तिथे बारची वायर लावली की सगळं उलटं होतं, स्विच बंद केला की दिवे लागतात. घाईत ही चूक मीही केली आहे आणि पाऊण तास स्विचलाच शिव्या दिल्या आहेत.

रिलेच्या वेटोळ्याची वीज तोडली की त्यातून उलटा झटका येतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो बाधू शकतो. म्हणून काही रिलेंच्या आत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवलेला असतो. तसा रिले असेल तर ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही. डायोड उलटा जोडला गेला की शॉर्ट होतो.

ट्रकवाल्यांसाठी

मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस लावून जोडलेल्या असतात. तेवढ्याच वॅटला अँपिअर निम्मे लागतात, म्हणून वायरीचा त्रासही कमी. पण इथे एक जुगाड घराघरात गेलेला आहे. बार १२ व्होल्टचा आणलाय ना, मग दोन बॅटऱ्यांमधल्या पट्टीवरून वायर घ्यायची, एकाच बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात.

मिळतात, आणि दिवे झकास लागतात. पण चार्जिंग दोन्ही बॅटऱ्यांना मिळून होतं. इंजिनवर फिरून चार्जिंग करणाऱ्या अल्टरनेटरला दिसतात ते एकूण व्होल्ट, कोणती बॅटरी किती रिकामी आहे हे त्याला कळत नाही. जिच्यातून बार चालतो ती खालची रोज थोडी जास्त रिकामी होते, ती कधीच पुरी भरत नाही. वरची आधीच भरलेली, तिला जास्तीचं चार्जिंग खावं लागतं, तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत एक उपाशी मरते, दुसरी खाऊन खाऊन. आणि दोष बॅटरीच्या कंपनीला. १० ते ३० व्होल्ट चालणारा बार घ्या, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. रिलेही २४ व्होल्टचाच लागतो. १२ चा लावलात तर त्याचं वेटोळं दुप्पट व्होल्टने जळतं.

अर्थिंग, म्हणजे परतीची वाट

वीज जाते तेवढीच परत यावी लागते. गाडीत परतीची वाट बहुतेकदा लोखंडी बॉडीच असते, म्हणून टपावरच्या एखाद्या बोल्टला मायनस आवळायची पद्धत. कोकणात हा बोल्ट दोन पावसाळे पाहतो आणि त्याच्या थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट-पांढरी बुरशी चढते. समुद्राकडची खारी हवा असेल तर एकच पावसाळा पुरतो. रंगावर आवळलेला असेल तर पहिल्या दिवसापासूनच तो अर्धवट. फायबरच्या टपाला तर बॉडीच नाही, तिथे बोल्ट आवळून काहीच होत नाही.

परतीची वाट अडली की वीज चोरवाटा शोधते, आणि त्यातून भुताटकीसारखे प्रकार घडतात. बार लावला की इंडिकेटर मिणमिणतो, ब्रेक दाबला की बार अर्धवट चमकतो. लाइटबारला मुख्य दोन वायरींशिवाय एक-दोन बारीक वायरीही असतात. एक पॅटर्न बदलण्याची, क्षणभर टेकवली की पुढचा पॅटर्न येतो. काहींना एक जुळवणीची, तीन-चार दिवे एका तालात चमकावेत म्हणून. मुख्य अर्थ सुटला तर सगळी वीज या केसाएवढ्या वायरींतून परतायचा प्रयत्न करू शकते आणि त्या करपतात.

म्हणून मी परतीची वायरही प्लसइतकीच जाड घेतो आणि ती खाली चासीपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेतो. चासीवर रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायचं, दातेरी वॉशर घालायचा, आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा रंग मारायचा. पाच मिनिटांचं काम. मित्राच्या गाडीचा निम्मा आजार एवढ्याने गेला, उरलेला जाड वायरीने.

पाणी, घासणं आणि चिकटपट्टी

टपातून वायर आत नेताना भोकात रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडेला बसणारं कडं, हवंच. पत्र्याची कड सुरीच असते, गाडी हलते तशी ती रोज थोडी कापते. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी पागोळीसारखं टपकून जातं. झोळ नसेल तर तेच पाणी वायरीच्या बोटाला धरून केबिनमध्ये येतं, आणि सहा महिन्यांनी फ्यूजबॉक्समध्ये हिरवळ सापडते.

जोड पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळणं ही आपली राष्ट्रीय पद्धत. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळून गुळासारखा होतो आणि पट्टी सुटते. थिंबल दाबायच्या खास हत्याराने दाबा, साध्या पक्कडीने चेपू नका. त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवा. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडणं घरच्या रेडिओला ठीक. ट्रकच्या थरथराटात डाग जिथे संपतो नेमकी तिथे वायर ताठ होते आणि मोडते.

आणि नवा बार केबिनमध्ये एफएम किंवा वायरलेस सेटवर खरखर आणत असेल, तर तो बिघडलेला आहे असं लगेच समजू नका. बारच्या आतलं ड्रायव्हर सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतं-जोडतं, त्याचा तो आवाज. बारची वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब न्या, प्लस-मायनस एकमेकींभोवती पिळून न्या. बरंच शांत होतं.

रंग आणि झगमगाट

बाजारात लाल-निळे-पांढरे बार मोकळे विकायला असतात म्हणून ते आपल्याला लावता येतात असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम मूळ मुद्दा सांगतो, पुढे लाल दिसता कामा नये आणि मागे लालखेरीज काही दिसता कामा नये. मग अपवाद येतात. १ मे २०१७ पासून नेत्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. लाल-निळा-पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन अशा ठरवलेल्या कामांच्या गाड्यांपुरता राहिला. विमानतळ, बंदर, खाण, प्रकल्प अशा आवारातच फिरणाऱ्या गाड्यांच्या टपावर पिवळा-नारिंगी दिवा चालतो. रस्त्यावर येणाऱ्या गाडीने आपल्या आरटीओत विचारून मगच बार बसवावा, आणि निळ्याचा मोह तर धरूच नये. कामाच्या जागी मागे लावलेला पांढरा फोकस वेगळ्या स्विचवर ठेवा. धावत्या गाडीतून मागे पांढरा प्रकाश म्हणजे मागच्याच्या डोळ्यांत काठी.

चमकण्याचा वेगही हवा तसा ठेवून चालत नाही. युरोपातला आर-६५ हा नियम सेकंदाला २ ते ४ वेळा चमकणं मान्य करतो, आणि दिवसाची व रात्रीची तीव्रता वेगळी ठेवायला वाव देतो. आपल्याकडच्या स्वस्त बारांत वीस-वीस पॅटर्न असतात, त्यातले निम्मे लग्नाच्या वरातीला शोभतील असे. मला स्वतःला साधा, संथ, डावी-उजवी बाजू आळीपाळीने चमकणारा पॅटर्न बरा वाटतो. फडफडणाऱ्या दिव्याकडे पाहून ती गाडी किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. आणि घाटातल्या काळोखात पूर्ण तीव्रतेचा बार मागच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवतो. त्याला दिवे दिसतात, दिव्यांखाली हुक अडकवत वाकलेला माणूस दिसत नाही. रात्रीचा मंद मोड असलेला बार थोडा महाग पडला तरी तोच घ्या, आणि त्या मोडची वायर पार्किंग लाइटला जोडा. तिला हुकमापुरतीच वीज लागते, त्यामुळे इथे टोचलेलं चालतं. पार्किंग लागले की बार आपोआप मंद होतो.

तपासणी

सगळं जोडून झालं की टेस्टरचा बल्ब लागला म्हणून खूश होऊ नका. तो बल्ब इतकी थोडी वीज खेचतो की गंजलेला जोडही त्याला पास करतो. मल्टिमीटर घ्या. बार चालू ठेवा, आणि पॅटर्नमध्ये सगळे दिवे सतत जळण्याची सोय असेल तर ती निवडा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा, मग बारच्या दोन वायरींवर. फरक पाऊण व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बारच्या मायनसवर ठेवा. तिथे ०.४ पेक्षा जास्त दिसलं तर गळती अर्थिंगमध्ये आहे. नसेल तर प्लसच्या वाटेने मागे मागे या. फ्यूजचा होल्डर, रिलेची ३० आणि ८७, एकेक जोड. आकडा जिथे उडी मारतो तिथे चोर.

मग काळोख झाल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करा, कुणाला तरी मागे हूक धरून वाकायला सांगा आणि दीडशे पावलं मागे जाऊन पाहा. मित्राने हे केलं, तेव्हा त्याला स्वतःचा पोरगा दिसला नाही. त्याच रात्री त्याने मंद मोडची वायर जोडली.

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत एक निळा फ्यूज चिकटवून ठेवा आणि शेजारी मार्करने लिहा: बार, १५.